दोन सीटा आणि एक अख्खा हिवाळा

गाडीच्या सीटा नवं चामडं चढवायला कारागिराकडे द्यायला गेलो तेव्हा इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनच्या झाडांवर पानं होती. परत मिळाल्या तेव्हाही होती, पण ती पुढच्या वर्षीची. हे लिहायला बसण्याचं कारण तेवढंच. जुन्या गाडीचं इंटिरियर सुधारायला घेतल्यावर माणूस नेमका कुठे अडकतो हे कुणी सांगत नाही, सगळे शेवटचे चकाचक फोटो तेवढे दाखवतात.

गाडी १९९२ सालची युनोस रोडस्टर, व्ही-स्पेशल, दुमडत्या छताची दोन सीटांची उघडी गाडी. बाकीच्या जगाने हीच गाडी माझदा एमएक्स-५ म्हणून विकत घेतली. जपानमध्ये माझदाने युनोस नावाची वेगळी विक्रीसाखळी काढली होती. हिरवा रंग, टॅन चामड्याच्या सीटा, नार्दी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टिअरिंग. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्या जहाजाने इंग्लंडात बऱ्याच आल्या, त्यातलीच ही एक. मूळचा रेडिओ अजून आत आहे. जपानचा एफएम पट्टा तेव्हा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा होता आणि इथला सुरूच होतो ८७.५ वर, म्हणजे माझ्या गाडीत बीबीसी रेडिओ २ आणि जवळपास शांतता एवढंच ऐकू येतं. तो मी बदलणार नाही.

पत्रा उत्तम, इंजिन उत्तम, पण आत बसलं की वय दिसायचं. ही गाडी इतकी बुटकी आहे की उतरताना प्रत्येकजण सीटच्या बाहेरच्या उंचवट्यावरून घसरतच उतरतो. तीस वर्षं ते झालं की उजव्या सीटच्या उजव्या कडेचं चामडं आधी रंग सोडतं, मग भेगाळतं, मग शिवण उसवते आणि पिवळा फोम डोकावायला लागतो. माझ्याकडे या सगळ्या पायऱ्या पूर्ण झाल्या होत्या. डाव्या दाराचं पॅड खालून फुगून सुटलं होतं. मधल्या कन्सोलच्या वरची ती काळी चौकट, जिला एमएक्स-५ वाले तिच्या आकारामुळे ‘टूमस्टोन’ म्हणतात, तिचे स्क्रूचे कान तुटलेले. जुन्या एमएक्स-५मध्ये ते बऱ्याचदा तुटलेलेच असतात.

सीटा काढणं सोपं. प्रत्येकी चार बोल्ट, १४ नंबरचा पाना, खालचे वायरचे जोड सोडवा, झालं. (तुमच्या गाडीला एअरबॅग असेल तर स्टिअरिंगला हात लावण्याआधी बॅटरी सोडवून थांबा. बॅटरी बॉनेटखाली शोधू नका, या गाडीत ती डिकीत असते.) सीटांना चामडं चढवणारा कारागीर मिळाला, दुकान पाहिलं, काम स्वच्छ होतं. “नाताळच्या आत देतो,” म्हणाला.

आता रंगाचं रामायण.

मी समजत होतो की टॅन म्हणजे टॅन. पण या सीटांवर चामडं फक्त जिथे आपण टेकतो तिथे असतं. बाजू आणि पाठ व्हिनाइलची. दाराची पॅडंही व्हिनाइलची, पण वेगळ्या पोताची. कारखान्यातून निघताना हे तिन्ही एका रंगाचे असतील, पण ऊन प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने खाल्लेलं. चामडं तपकिरीकडे झुकलं, सीटची बाजू जराशी पिवळट झाली आणि दारं फिकट पडली. सीटच्या कव्हराची आत दुमडलेली कड उलटून पाहिली, तर जिथे ऊन कधी पोचलंच नाही तिथे चौथाच रंग, चांगला गडद. मग नवं चामडं यातल्या कशाशी जुळवायचं?

मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, दाराचं पॅड काढून आणतो, ते समोर ठेवून रंग ठरवू. दुकानातून उत्तर आलं, गरज नाही, फोटो पाठवा. मी पाठवला. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने पांढरा रंग ठरवतो आणि बाकीचे रंग त्यावर बेततो. त्यामुळे एकाच पॅडचे गॅरेजमधल्या दिव्याखाली आणि अंगणात काढलेले फोटो दोन वेगळ्या गाड्यांचे वाटत होते. मी दोन्ही पाठवले आणि सोबत हेही लिहिलं. त्यांनी पहिला घेतला. आलेला नमुना संत्र्याच्या सालीसारखा. परत पाठवला. दुसरा आला तो लिंबाकडे गेलेला. मग कळलं की हव्या त्या छटेचं चामडं पुरवठादाराने बंद केलंय, दुसरा पुरवठादार बघावा लागेल. मग नाताळ आला. इंग्लंडात नाताळ आला की जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत कुणाकडून काही अपेक्षा ठेवायची नसते.

या काळात फोन करणं हा माझा छंद झाला होता. ईमेलला उत्तर नाही, मेसेजला निळी खूण आणि मौन. फोन कारागिराची बायको उचलायची, अतिशय गोड बोलायची आणि प्रत्येक वेळी तो गृहस्थ ‘एका कामात’ असायचा. ते काम माझं नव्हतं एवढं नक्की. पुण्याहून दादाचा फोन यायचा त्यात पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, सीटांचा. “अरे, नाना पेठेत टाकली असतीस तर सकाळी देऊन संध्याकाळी घेऊन आला असतास.” दादाला चामडं, व्हिनाइल आणि उन्हाचं गणित समजावायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि सोडून दिला. खरं सांगायचं तर तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. फक्त नाना पेठेत जाऊन-यायला विमान लागतं.

कारागिराला म्हटलं, निदान एक सीट तरी परत द्या, गाडी जागची हलवता येईल. नाही म्हणाला, आणि इथे मात्र त्याचं बरोबर होतं. दोन्ही सीटा एकाच वेळी आलेल्या कातड्यांतून कापायच्या असतात. आज एक आणि तीन महिन्यांनी दुसरी केली तर पुन्हा रंगाचाच घोळ. शिवाय त्याने कव्हरं उसवून ठेवली होती. जुन्या कव्हराचे तुकडे वेगळे करूनच नव्याचे कागदी साचे निघतात, म्हणजे मी सीटा परत आणल्या असत्या तर पिशवीत भरून आणाव्या लागल्या असत्या. तिकडे एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, मुदत संपली. तपासणीसाठी वेळ ठरलेली असेल तर मुदत संपलेली गाडी तिथपर्यंत चालवत नेता येते, पण चालवायला बसायचं कशावर? शेवटी गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, ऑनलाइन कळवलं, म्हणजे निदान रोड टॅक्सचे उरलेले महिने परत मिळाले. हे दोन मिनिटांत होतं. तुमचं काम लांबणार असं दिसलं की लगेच करा, माझ्यासारखी आशा धरून बसू नका.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी न विचारता गेलो. दाराचं पॅड चादरीत गुंडाळून काखेत. दुकानात शिरलो नाही, बाहेर फुटपाथवर उभा राहिलो आणि म्हटलं, नमुन्यांचा जुडगा घेऊन बाहेर या. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात फारकत घेतात, म्हणून आत जायचंच नव्हतं. रंग जुळवायला ढगाळ आभाळ सगळ्यात चांगलं, आणि या देशात त्याची टंचाई नाही. पॅडवर एकेक तुकडा ठेवत गेलो. पाच-दहा मिनिटांत ठरलं. ऑक्टोबरपासून जे होत नव्हतं ते.

थोडा वाद झाला. त्याचं म्हणणं, मूळचा गडद रंग घ्या, तोच खरा. मी म्हटलं, मूळचा घेतला तर दारं, त्यांच्या कडा, सगळंच नवं करावं लागेल, नाहीतर सीटा उसन्या आणल्यासारख्या दिसतील. मी जे बदलणार नाही त्याच्याशी रंग जुळला पाहिजे, कारखान्याच्या पत्रकाशी नाही. गाडी काचेच्या पेटीत ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. आजही मला हेच वाटतं, आणि सीटा बसवल्यावर ज्यांनी पाहिल्या त्यांना त्या नव्या आहेत हे सांगावं लागतं.

तरी सीटा लगेच मिळाल्या असं समजू नका. मार्च आला की उघड्या गाड्यांचे मालक जागे होतात आणि सगळ्यांना नवा टप, म्हणजे ते दुमडतं छत, हवा असतो. टपाचं काम जास्त पैशांचं, दोन दिवसांत गाडी बाहेर. माझ्या सीटांचे सांगाडे मागे सरकवले गेले. म्हणून म्हणतो, सीटांचं काम या लोकांकडे द्यायचं तर सप्टेंबरात द्या आणि रंग ठरल्याशिवाय काही उसवू देऊ नका. हे कागदावर लिहून घ्या. कागदावरून आठवलं, सांगितलेला दर व्हॅटसह आहे का तेही विचारा. मला बिल आलं तेव्हा वर २० टक्के होते. वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेखाली असलेल्या छोट्या कारागिरांना व्हॅटची नोंदणी बंधनकारक नसते, म्हणून दोघांचे दर शेजारी ठेवताना हे बघावं लागतं.

आणि शिवण शाबूत असेल, फक्त रंग उडाला असेल तर या वाटेला जाऊच नका. अशा गाड्यांच्या चामड्यावर वरून रंगाचा थर असतो, तो घरी परत चढवता येतो. आधी साबणाने मळ, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढायचा, बारीक भेगांत फिलर, मग पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग स्पंजने पातळ पातळ, प्रत्येक हात वाळू देत, शेवटी वरचा संरक्षक थर. घाई करून जाड हात मारला तर बसल्यावर तडकतो.

दारांची पॅडं मी वाट बघण्याच्या काळात स्वतः केली, आणि त्यांचा मला सीटांपेक्षा जास्त अभिमान आहे. पॅडची पाठ दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डची असते. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत जातं, ते तसंच अपेक्षित आहे. दार आणि पॅड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, आणि पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडतं. कुणीतरी कधीतरी काचेची मोटर दुरुस्त करताना तो पडदा फाडून तसाच सोडतो. मग बोर्ड पाणी पितो, फुगतो, क्लिपांची भोकं तुटतात. बाजारात तयार बोर्ड मिळतात, पण मी जुन्याचा साचा घेऊन ३ मिलिमीटरच्या एबीएस प्लॅस्टिकमधून कापले. व्हिनाइल हळूहळू सोलून घ्यायचं, मागचे जुन्या गोंदाचे खवले घासून काढायचे, आणि नवी पाठ आणि व्हिनाइल दोन्हींना कॉन्टॅक्ट गोंद लावून तो हाताला चिकटेनासा झाल्यावरच चिकटवायचं. एकदा टेकलं की हलत नाही, म्हणून आधी वरची कड. पडदा नवा घातला आणि ब्युटाइलच्या, म्हणजे चिकट रबराच्या, दोरीने चिकटवला. ब्युटाइल कपड्यांना लागलं तर निघत नाही. बायकोने त्या शर्टाबद्दल जे म्हटलं ते इथे देत नाही.

टूमस्टोनचे कान इपॉक्सी आणि काचतंतूंच्या जाळीने मागून बांधले. ती चौकट काढताना ओढू नका. वरचे स्क्रू हवेच्या गोल झरोक्यांच्या आत लपलेले असतात, आधी झरोके निघायला हवेत. नार्दीच्या लाकडावरचं वॉर्निश भेगाळलं होतं, ते घासून परत चढवलं. माझदाने २०१७ साली जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी दुरुस्तीची खास सेवा जाहीर केली, त्यात नार्दीचं स्टिअरिंग आणि गिअरची मूठही पुन्हा बनवून घेतली. म्हणजे नवं मिळण्याची सोय आहे. पण या लाकडावर आधीच्या मालकाच्या अंगठ्यांनी दोन जागा गुळगुळीत करून ठेवल्यात, त्या मला हव्या आहेत.

आता जे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते. सीटांच्या मागे, सीटबेल्टच्या खांबांपाशी, टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या दोन नळ्या खाली उतरतात. त्यांत पानं आणि माती साचली की पाणी गालिच्यात आणि दाराखालच्या पायपट्टीच्या पत्र्यात शिरतं. ओल्या गालिच्यावर नव्या सीटा बसवून काही उपयोग नाही. सीटा बाहेर असतात तेव्हा तिथे हात सहज पोचतो. मऊ वायर घालून नळ्या साफ करा आणि प्रत्येकीत मगभर पाणी ओता. मागच्या चाकाच्या किंचित पुढे, गाडीखाली, ते लगेच पडलं पाहिजे. नाही पडलं तर सीटांचा विषय काढूच नका, आधी ते बघा.