माझा अनुभव: चेहरा सासूबाईंचा, जाहिरात हॉटेलची

आखाजीला सासूबाई अंगणात खापरावर पुरणपोळ्या टाकत होत्या. पोळी हातावरून कोपरापर्यंत आली तो क्षण मी टिपला आणि माझ्या अकाउंटवर टाकला. फोटो झकास आला होता, हे मीच सांगते. तोच फोटो धुळ्याकडच्या हायवेवरच्या एका हॉटेलने उचलला, वर 'घरची चव' लिहिलं आणि पैसे भरून जाहिरात फिरवली. नणंदेला ती थेट सुरतेत दिसली. आम्ही अमळनेरला गाफील.

सासूबाई कडाडल्या, "मना फोटूवर तो पैसा कमावस, माले इचारं बी नही!"

हॉटेलवाल्याला मेसेज केला. त्याने वाचला, उत्तर नाही. मग ॲपवर रिपोर्ट करायला गेले आणि घोडं तिथेच अडलं. स्पॅम, शिवीगाळ, फसवणूक, नग्नता... पर्यायांची ही मोठी यादी, पण 'न विचारता माझ्या घरच्या माणसाचा चेहरा वापरून धंदा करतोय' हा पर्यायच नाही. खासगीपणाचा फॉर्म उघडला तर पहिलाच प्रश्न, फोटोतली व्यक्ती तुम्हीच का? 'नाही' म्हटलं की पुढे काही नाही, त्या व्यक्तीने स्वतः तक्रार करावी म्हणे. सासूबाईंचा फोन बटणांचा. नातवाने त्यांचा ईमेल काढून दिला, फॉर्म भरला. उत्तर आलं, 'आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.' पुन्हा भरला, पुन्हा अक्षरशः तेच वाक्य. एका माणसाने तरी वाचलं असेल तर शपथ! मग ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. 2021 च्या आयटी नियमांनुसार त्याला 24 तासांत पोच द्यावी लागते. ती आली. नुसती पोच. तिकडे जाहिरातीखाली लोक 'आजी, पत्ता पाठवा' लिहीत होते.

शेवटी वकिली शिकणारा भाचा म्हणाला, मामी, चेहरा सोड, फोटो धर. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. म्हणजे मी! कॉपीराइटचा फॉर्म भरला, जाहिरात गेली. ज्यांचा चेहरा त्यांना कुणी विचारलं नाही, बटण दाबणारीचं मात्र लगेच ऐकलं. याचा राग अजून आहे.

स्क्रीनशॉट मात्र सगळ्यात आधी काढा, लिंक आणि तारखेसकट, नंतर पोस्ट उडते. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर आतली तारीख वगैरे माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतलेला फोटो असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी पैसे देणाऱ्याची, तेव्हा लग्नाची बिलं जपा. तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, मला तिथवर जावं लागलं नाही.

आणि हो, कॉपीराइटच्या फॉर्ममधलं तुमचं नाव, ईमेल समोरच्याला कळतं. खासगीपणासाठी भांडायचं आणि आपलाच पत्ता द्यायचा! वेगळा ईमेल वापरा. मी वापरला नव्हता, म्हणून हॉटेलवाल्याचा मेल आला, "ताई, आधी सांगायचं ना." त्याने वाचून उत्तर न दिलेल्या माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट त्याला पाठवला, सोबत बिल. रक्कम सासूबाईंनी ठरवली. मी धरली होती त्याच्या दुप्पट.