उद्याची पहिली सफारी

"गाडी मधेमधे बंद करू द्याल ना जी? लोक थांबूच देत नाहीत."

आज संध्याकाळी ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीत चहा पिताना एका गाइडने हे विचारलं. आमच्यासारखे अजून दोनतीन जण उद्याचा पहिला दिवस ठरवत बसले होते. एका काकांच्या कागदावर तर चक्क यादी होती: सकाळी वाघ, दुपारी अस्वल, जमलं तर बिबट्या. जणू हॉटेलात ऑर्डर द्यायचीय!

गाइड हसला नाही. म्हणाला, इंजिन चालू असलं की चितळाचा धोक्याचा कॉल ऐकू येत नाही, वानरानं झाडावरून दिलेला इशाराही नाही. वाघ निघाला हे आधी त्यांना कळतं, मग आपल्याला. आणि लोकांना घाई कशाची, तर वाघ बघायची.

मग तो ऐनाच्या झाडाबद्दल सांगत बसला. मगरीच्या पाठीसारखी त्याची साल, आणि ताडोबा तलावात खऱ्या मगरी. तारूच्या देवळाचंही सांगितलं. वाघाशी झुंजताना गेलेला गोंडांचा हा गावप्रमुख, त्याच्याच नावावरून ताडोबा. यादीवाल्या काकांनी मधेच विचारलं, "पण वाघाचं साइटिंग कुठल्या झोनला चांगलंय?"

कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाइल न्यायला बंदी आहे, हे एक बरं. उन्हाळा आहे, पाणवठ्यावर तासभर नुसतं बसायला माझी हरकत नाही. जिप्सीतल्या बाकीच्यांचं मात्र सांगता येत नाही. इतके पैसे मोजून आलेल्या माणसाला "जरा गप्प बसू या" कसं म्हणायचं?

तुम्ही म्हणता का?