इथिओपियात मावशीची संकष्टी

इथिओपियाला जातेय म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "अगं पण तिथे खाणार काय?" आणि सोबत मावशी येतेय म्हटल्यावर तर आईने मला बाजूला घेऊन विचारलं, कारण आमची मावशी म्हणजे अंडं उकडलेलं पातेलंसुद्धा वेगळं ठेवणारी बाई. वय ६४. बॅगेत मेतकूट, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, साबुदाणा आणि एक छोटा इलेक्ट्रिक कुकर. मेतकूट आणि चटणी न उघडता परत आली. कुकर एकदाच वापरला, ते शेवटी सांगते.

आम्ही गेलो मार्च २०२५ मध्ये. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे, सहाएक तासांत पोचतो, घड्याळ अडीच तास मागे. खरं तर लालिबेलाची दगडात कोरलेली चर्चेस बघायची होती पण अम्हारा भागात २०२३ पासून गडबड चालू आहे त्यामुळे ते सोडलं, आणि अदिस व पूर्वेकडचं हरार शहर एवढंच केलं. तुम्ही जाणार असाल तर निघायच्या आधी त्या त्या भागाची ताजी परिस्थिती नक्की बघा, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका.

आता मुद्द्याचं. मार्च का, तर तेव्हा त्यांचा मोठा उपास चालू असतो. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ईस्टरच्या आधी ५५ दिवस उपास करतात आणि ईस्टरनंतरचे पन्नास दिवस सोडले तर वर्षभर दर बुधवारी-शुक्रवारी करतात ते वेगळंच. उपास म्हणजे मांस नाही, अंडी नाहीत, दूध-तूप-लोणी काही नाही. थोडक्यात काय तर अख्खं शहर व्हीगन. तिथे शाकाहारी माणसाने "प्लीज नो मीट, नो एग" असं गयावया करायची गरजच नाही, नुसतं "त्सोम" म्हणायचं, म्हणजे उपास. "येत्सोम बेयाइनेतू" मागितलं की उपासाचं मिक्स ताट येतं. मोठ्या उपासाच्या दिवसांत जमत नसेल तर निदान अदिसमधले बाहेर जेवायचे दिवस बुधवार-शुक्रवार धरून ठरवा, हा माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला.

पहिल्याच दुपारी ते ताट आलं. परातीएवढी राखाडी-तपकिरी इंजेरा पसरलेली, आणि तिच्यावर ढिगाढिगाने वाढलेलं: मिसिर वत म्हणजे तिखट लाल मसूर, कीक अलिचा म्हणजे हळद घातलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ, कोबी-गाजर-बटाटा, गोमेन नावाचा पाला, बीट, आणि मधोमध शिरो. मावशी दोन मिनिटं नुसती बघत बसली. मग म्हणाली, "उपासाला डाळ? आणि हा लसणाचा वास येतोय ना गं?" मी म्हटलं हो, कांदा-लसूण भरपूर आहे, तूप मात्र चालत नाही. "म्हणजे सगळं उलटंच." (जैन मंडळींसाठी हे लक्षात ठेवायला हवं, त्यांचा उपास तुमच्या कामाचा नाही.)

इंजेरा टेफ नावाच्या धान्याची करतात. दाणा खसखशीएवढा, हातात घेतला तर बोटांच्या फटीतून निसटतो. पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि पातळ ओततात. दिसायला जाळी पडलेली आंबोळी, पण आंबोळी समजून खाल्लीत तर पहिल्या घासाला दचकाल, कारण ही चांगलीच आंबट असते, थंडच वाढतात आणि पोत स्पंजसारखा. मला पहिल्या दिवशी आवडली नाही हे खरं सांगते. दुसऱ्या दिवशी ठीक वाटली, चौथ्या दिवशी भातासारखी सवयीची झाली आणि आता पुण्यात तिची आठवण येते, तेव्हा एका जेवणावरून मत बनवू नका. एक करा, पहिल्या दिवशी पोटभर खाऊ नका. अदिस समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षाही बरंच उंच, त्यात मी दोन इंजेरा संपवल्या आणि वर अंबो प्यायले. अंबो म्हणजे तिथलं बुडबुडेवालं मिनरल वॉटर, मावशीच्या भाषेत "नुसता सोडा". रात्रभर पोटाचा नगारा.

आणि ग्लुटेन चालत नसेल तर नीट विचारा. टेफमध्ये ग्लुटेन नाही, पण इंजेरा शुद्ध टेफची असेलच असं नाही, गहू किंवा बार्लीचं पीठ मिसळतात.

शिरोबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. वाटाणा किंवा हरभऱ्याचं पीठ, त्यात बेरबेरे हा तिखट मसाला, आणि मातीच्या भांड्यात रटरटत टेबलावर येतं. मावशीने इंजेराचा तुकडा बुडवला, खाल्ला, आणि जाहीर केलं, "पिठलं आहे." त्यानंतर रोज शिरो. फक्त उपासाचा दिवस नसेल तर शिरोत मसाल्याचं लोणकढं तूप घालतात, आणि काही ठिकाणी मांसाचे तुकडे घातलेला शिरोही मिळतो, म्हणून तो मागतानाही "त्सोम" म्हणाच. शिवाय उपासाला बरेच जण मासे खातात, त्यामुळे हॉटेलात उपासाच्या मेनूवर मासा दिसू शकतो. माशाला "असा", मांसाला "सिगा". "सिगा अल्बेलाम" म्हणजे मी मांस खात नाही. एवढे शब्द आणि "हिसाब" आला की झालं, हिसाब म्हणजे बिल! आम्ही दोघी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वेटर हिंदी बोलतोय असंच वाटलं.

माझी फजिती झाली ती एका पिवळट चटणीने. ताटाच्या कडेला चमचाभर होती, मी कोल्हापूरकडची, तिखटाला कोण घाबरतंय, म्हणून इंजेरात गुंडाळून एका घासात. ती होती सेनाफिच, मोहरीची. तिखट जिभेवर लागलंच नाही, सरळ नाकातून मेंदूत. डोळ्यांतून धारा, शेजारच्या टेबलावरची माणसं हसतायत आणि मावशी पाठीवर थापट्या मारतेय. मोहरी फेसलेलं लोणचं खाणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं खरं तर.

मांस खाणाऱ्यांसाठी थोडक्यात. नुसतं "सिगा" लिहिलं असेल तर बहुतेकदा ते गाईबैलाचं असतं, तेव्हा चालत नसेल तर दोरो (कोंबडी), बेग (मेंढी), फियेल (बोकड) हे शब्द पाठ करा. दोरो वत म्हणजे कोंबडीचा रस्सा मी अदिसच्या बोले भागातल्या एका हॉटेलात खाल्लं, कांदा इतका वेळ परतलेला की त्याचा कांदा असा उरतच नाही, आणि रश्शात अख्खं उकडलेलं अंडं. अप्रतिम. किटफो म्हणजे कच्चा बीफ खिमा, तूप आणि तिखट लावलेला, तो तिथे मोठ्या मानाचा पदार्थ. मी घेतला नाही. कच्च्या बीफमधून पोटात पट्टकृमी जातात, ही उगाच घातलेली भीती नाही. चाखायचाच असेल तर "येबेसेले" म्हणजे शिजवलेला मागा. त्याच्याबरोबर कोचो मिळतो, केळीसारख्या दिसणाऱ्या एनसेत नावाच्या झाडाचा गर जमिनीत पुरून आंबवून केलेली भाकरी, ती मात्र मी खाल्ली. रबर चावल्यासारखं आणि वास जुन्या चीजचा. एकदा पुरे.

बाजारात मावशीला अचानक जोर आला. मसाल्याच्या दुकानात एका पोत्यात हात घालून ती ओरडलीच, "अगं हे कारळे!" तिथे नूग म्हणतात, त्याचं तेल काढतात, उपासाच्या स्वयंपाकाला वापरतात. घरी येऊन बघितलं तर कारळ्याचं शास्त्रीय नावच गुइझोशिया अबिसिनिका, म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या भाकरीबरोबर जी चटणी खातो तिचं मूळ गाव हेच. दुकानदाराला आम्ही खाणाखुणांनी चटणी समजावली, त्याला कितपत कळलं कोण जाणे, पण त्याने मूठभर कारळे फुकट दिले. मला तेव्हा मलिक अंबर आठवला. तोही इथलाच, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाही सांभाळली आणि खडकी वसवली, म्हणजे आत्ताचं छत्रपती संभाजीनगर. त्याने कधी कारळ्याची चटणी खाल्ली असेल का, हा विचार पुढे दोन दिवस डोक्यात होता.

किमती मुद्दाम देत नाहीये. जुलै २०२४ मध्ये बिर या तिथल्या चलनाचा दर बाजारावर सोडला तेव्हापासून आकडे इतके बदलतायत की माझे आकडे तुमची दिशाभूल करतील.

आता कॉफी. टोमोका हे १९५३ पासूनचं कॉफीचं दुकान आहे, तिथे उभ्या उभ्या छोटा कप प्यायचा, जरूर जा. पण खरी कॉफी घरात. आमच्या गेस्टहाऊसच्या मालकीणबाई म्हणाल्या, उद्या नऊ वाजता बुन्ना प्यायला या. आम्ही सकाळी नऊला आवरून, मावशी तर इस्त्रीची साडी नेसून, खाली हजर. घरात कोणी नाही. साडेदहापर्यंत बसलो. तिथे दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि तिथूनच तास मोजतात, त्यामुळे त्यांचे नऊ म्हणजे आपले दुपारचे तीन! कोणीही वेळ सांगितली की "इथिओपियन टाईम की फॉरेन टाईम?" हे विचारायचंच, बस-टॅक्सीच्या बाबतीत तर नक्कीच.

तीनला परत गेलो. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, उदाचा धूर, शेगडी. बाईंनी कच्चे हिरवे दाणे धुतले, तव्यात भाजले, आणि धूर निघायला लागल्यावर तो तवा सगळ्यांपुढून फिरवला. सगळे हाताने तो धूर स्वतःकडे ओढून घेत होते. मावशीने काही न विचारता दोन्ही हात पुढे केले आणि आरती घेतल्यासारखे डोळ्यांना लावले. बाई बघतच राहिल्या. मग दाणे खलबत्त्यात कुटले, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळले, आणि बिनकानाच्या कपांत वरून धार धरली. सोबत चक्क पॉपकॉर्न. कॉफी तीनदा देतात, अबोल, तोना आणि बेरेका, त्याच चोथ्यावर पाणी घालून, म्हणून प्रत्येक वेळी फिकी होत जाते. पहिल्या कपानंतर उठणं बरं दिसत नाही, तेव्हा दीड-दोन तास हातात ठेवून जा. आणि रात्री झोप हवी असेल तर... असो, मावशी रात्री दोनपर्यंत मला तिच्या शाळेच्या गोष्टी सांगत होती.

तेज ही मधाची दारू. काचेच्या गोल बुडाच्या चंबूत येते, प्रयोगशाळेतून उचलून आणल्यासारखा. गोड लागते म्हणून सरबतासारखी पिऊ नका. मी दुसरा चंबू संपवला, डोकं एकदम ठीक होतं, उठायला गेले तर गुडघे ऐकेनात. न आंबवलेलं मधाचं पाणीही मिळतं, त्याला बेर्झ म्हणतात, मावशीने ते घेतलं.

हरारला दोनच दिवस होतो. दिरे दावापर्यंत विमान, पुढे रस्त्याने तासभर. तिथल्या जुन्या शहरात वस्ती मुख्यतः मुसलमान आणि तेव्हा रमजान, त्यामुळे दिवसा सगळं मंद आणि संध्याकाळी गल्लीगल्लीत सांबुसा तळायला घेतलेले. मसुराचे मिळतात, पण विचारून घ्या, बरेचसे खिम्याचे असतात. कॉफीच्या पानांचा कुटी नावाचा चहाही प्यायलो, भाजलेली पानं उकळून केलेला. चव धुरकट, मला आवडला.

जाण्याआधी एक काम अजिबात विसरू नका, यलो फीव्हरची लस. इथिओपियाहून भारतात परत येताना तिचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून महिनाभर आधी नंबर लावा. नळाचं पाणी पिऊ नका, ताटातली कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर मी तरी बाजूला ठेवायचे. बाकी शिजवलेल्या जेवणाने पोट एकदाही बिघडलं नाही, तो नगारा माझ्याच हावरेपणाचा.

तर संकष्टी. अदिसला परत आलो त्या मुक्कामात ती आली. मावशीने सकाळीच विचारलं, चंद्रोदय पुण्याचा धरायचा की इथला? मी म्हटलं आकाश इथलं तर चंद्र इथला. साबुदाणा तिने रात्री भिजवला होता, दाण्याचं कूट सोबत होतं, बटाटा आणि मिरची गेस्टहाऊसच्या बाईंनी दिली. कुकरमध्ये तूप घालणार इतक्यात तिचा हात थांबला. बाईंचाही उपास होता ना. मग तेलावर केली, तिखट जरा कमी.

चंद्र दिसल्यावर दोघी गॅलरीत बसल्या. बाईंनी खिचडीचा एक दाणा बोटावर घेऊन उजेडात धरला, चावला, आणि इंग्रजीत विचारलं की यात कांदा-लसूण का नाही. मावशी मराठीतच म्हणाली, "उपासाला चालत नाही हो." मी भाषांतर केलं. बाई इतक्या हसल्या की खिचडी सांडली. मग त्यांनी तीन बोटांनी घास उचलून मावशीच्या तोंडात भरवला, याला गुर्शा म्हणतात, नाही म्हणायचं नसतं. मावशी उष्टं वगैरे मानणारी. तिने तोंड उघडलं, आणि लगेच दुसऱ्यासाठीही.