अण्णांच्या नावाची चार स्पेलिंगं

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नोकरीत सहा बदल्या झाल्या, आणि दर गावात त्यांनी एखादं खातं उघडून ठेवलेलं असणार, असा आईचा दाट संशय. 2019 मध्ये ते गेले तेव्हा कपाटात दोन पासबुकं सापडली. ती खाती लगेच मार्गी लागली. "संगमनेरला असताना अजून एक होतं," असं आई म्हणत राहिली, पण बँक कुठली ते तिला आठवेना.

2024 च्या दिवाळीत बहिणीने 'उद्गम' पोर्टलची लिंक पाठवली. रिझर्व्ह बँकेने हे पोर्टल ऑगस्ट 2023 मध्ये सुरू केलं. 10 वर्षं ज्या खात्याला कुणी हात लावलेला नाही, त्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग करतात. पैसे बुडत नाहीत, वारस नंतरही मागू शकतात. फक्त आधी पैसे आहेत हे कळायला हवं, आणि त्यासाठी पूर्वी एकेका बँकेच्या साइटवर जाऊन याद्या चाळाव्या लागत. आता 30 बँका एकाच ठिकाणी शोधता येतात, आणि त्या निधीतली सुमारे 90 टक्के रक्कम याच बँकांकडून आलेली आहे. हे सगळं फुकट आहे. "शोधून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारे भेटले तर वाटेला लावा.

मोबाइल नंबर, ओटीपी, की झाली नोंदणी. शोधताना नावासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक तरी द्यावं लागतं. पॅन टाकला, काही नाही. नसणारच, ते खातं उघडलं तेव्हा गावातल्या मास्तराला पॅन कोण विचारत होतं? मग जन्मतारीख. अण्णा जन्मले कोजागिरीच्या आसपास, पण शाळेच्या दाखल्यावर 1 जून. (आमच्या पिढीपर्यंत निम्मं गाव 1 जूनलाच जन्मलेलं आहे.) 1 जून टाकला. तरी शून्य.

तेव्हा डोक्यात आलं, स्पेलिंग! दत्तात्रय हे नाव इंग्रजीत लिहायच्या किती तऱ्हा आहेत ते त्या रात्री कळलं. शेवटी 'ए' लावा, काढा, 'वाय' च्या आधी 'ई' घाला, एक 'टी' वाढवा. त्यात आडनाव आधी की नंतर, ही आणखी एक भानगड. चौथ्या स्पेलिंगला एक ओळ उमटली. बँकेचं नाव, अण्णांचं नाव आणि एक लांबलचक क्रमांक. आई शेजारीच बसली होती. "बघ, म्हटलं नव्हतं?" एवढंच म्हणाली.

मला वाटलं काम झालं. खरं काम तिथून सुरू झालं. त्या क्रमांकावरून शाखा किंवा खातेदार तिसऱ्या कुणाला ओळखता येत नाही, मुद्दामच तसा ठेवलाय. बँकेलाच तो उलगडतो. मी शाखेत गेलो तर काउंटरवरच्या मुलाने असा क्रमांक पहिल्यांदाच पाहिला होता. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला कागदांची यादी हातात आली: मृत्यूचा दाखला, तिघा वारसांची ओळखपत्रं, आम्हा भावंडांचं नाहरकत पत्र, हमीपत्र. खात्यावर नॉमिनी लावलेला नव्हता, म्हणून हा सगळा व्याप.

आणि दाखल्यावरचं स्पेलिंग खात्यावरच्या स्पेलिंगशी जुळेना. म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. शंभराचा स्टॅम्प पेपर मागितला तर विक्रेता हसला. त्याच ऑक्टोबरपासून राज्यात तो पाचशेचा झाला होता. नोटरीचे वेगळे.

तरीही साहेबांचं समाधान होईना. मी वैतागून म्हटलं, "अहो, माझ्या वडिलांनी जन्मात कधी इंग्रजीत नाव लिहिलं नाही. ही स्पेलिंगं तुमच्यासारख्या हापिसांनीच केलीत." ते काही बोलले नाहीत. कीबोर्डवर दोन-चार कळा दाबल्या आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली.

खातं उघडतानाचं सहीचं कार्ड स्कॅन करून ठेवलेलं होतं. कोपऱ्यात फोटो. काळेभोर केस, मिशी, आणि शर्टाच्या खिशाला पेन. खाली मराठीत सही, 'त्र' चा फराटा पार चौकटीबाहेर गेलेला. आईने पिशवीतून अण्णांचं पेन्शनचं जुनं पुस्तक काढलं आणि तीच सही साहेबांपुढे धरली. त्यांनी दोन्हीकडे एकेकदा पाहिलं आणि शिक्का उचलला.

मग फार काही उरलं नाही. बँक आधी वारसांना पैसे देते आणि मागाहून ते निधीकडून वसूल करते. बचत खातं असल्याने निधीत असतानाच्या काळाचं व्याजही मिळालं, सध्या साधं 3 टक्के. पहिल्या खेपेपासून चार महिन्यांनी आईच्या खात्यात 18,640 रुपये आले. स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स आणि एसटी मिळून दोनेक हजार गेले होते.

मी मेसेज वाचून दाखवला. आईने रक्कम ऐकली, मान हलवली.

"आणि तो फोटो देतील का रे?"