फोटो असताना चित्र कशाला?

प्रदर्शनात, टेकडीवर आणि लग्नकार्यात तर हमखास लोक मला विचारतात, "एका फुलापुढे एवढा वेळ बसता, मोबाइलवर क्षणात फोटो निघत नाही का?" निघतो की. मीही काढते. पण तुम्ही विचारलंत म्हणून काटेसावरीचं सांगते, सध्या मी तिच्याच मागे आहे.

काटेसावर ऐन बहरात असते तेव्हा तिच्या अंगावर पान नसतं. माघ-फाल्गुनात नुसत्या फांद्यांवर जाड, लालभडक पाकळ्यांची फुलं. उन्हाळ्यात बोंडं तडकतात, कापूस उडतो. पंजासारखी पसरलेली हिरवीगार पानं भरतात ती पुढे पावसाळ्यात. हे तिन्ही एकत्र दिसेल असं झाड कॅमेऱ्याला मिळणारच नाही. माझ्या कागदावर ती शेजारी शेजारी बसतात, सोबत उभं कापलेलं फूल आणि कोवळ्या खोडावरचे काटे. एका चित्राला वर्ष लागतं ते असं.

जर्मनीत जन्मलेल्या चित्रकार मारिया सिबिला मेरियननं हेच किड्यांबाबत केलं. 1699 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती समुद्रमार्गे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. 1705 मध्ये तिचं पुस्तक निघालं. त्यात अळी, कोष, फुलपाखरू आणि अळी जे झाड खाते ते झाड, सगळं एकाच पानावर. हे धाडस मला आजही चकित करतं. आम्ही ताम्हिणीला जातानासुद्धा चार वेळा हवामान बघतो!

दुसरं कारण डोळ्यांचं. सावरीचे पुंकेसर सुटे नसतात, तळाशी जुडग्यांनी जोडलेले असतात. फोटो पाहताना हे निसटून जातं. रेघ कुठून सुरू करायची ते ठरवायची वेळ आली की फूल पुन्हा हातात घ्यावंच लागतं.

झाडावर मैना, बुलबुल, शिंजीर, खारी यांची झुंबड असते. मैना काही माझ्यासाठी थांबत नाही. ती हलली की ते चित्र अर्धं सोडून शेजारी नवं सुरू करायचं. पुन्हा तशीच मान वळवली की आधीचं पुढे न्यायचं. पानभर अर्धवट मैना होतात. ही पानं कुणी विकत घेत नाही, माझी मात्र सगळ्यात आवडती.

पोट यावर भरतं का, हा पुढचा प्रश्न असतोच. अर्धं. उरलेलं मुखपृष्ठं, माहितीफलक आणि शिकवण्या भरतात.

आणि फोटो? काटे कसे मांडलेत, फांदी कुठे फुटली, हे घरी तपासायला तो फार कामाचा. रंग मात्र मी त्यावरून घेत नाही. मोबाइल लाल रंग उगाच भडकवतो. त्यासाठी झाडाखाली पडलेलं ताजं फूल कागदाशेजारी ठेवते. ते काळवंडायला वेळ लागत नाही, त्यामुळे रंग आधीच कालवून तयार ठेवावे लागतात.