आधी मोजा, मग आर्टिकल लावा

मराठीत ‘ती शिक्षिका आहे’ म्हटलं की वाक्य पुरं होतं. तेच इंग्रजीत ‘शी इज टीचर’ केलं की चुकतं. ‘शी इज अ टीचर’ हवं. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा मोकळं ठेवत नाहीत. त्याच्या आधी अ, ॲन, द, माय, धिस यांपैकी काहीतरी येतंच. (‘बाय बस’, ‘ॲट होम’ असे ठरलेले प्रयोग वेगळे.)

आर्टिकल (म्हणजे अ, ॲन, द) आणि अनेकवचन हे दोन धडे वेगवेगळे शिकवले जातात, हे मला अजिबात पटत नाही. दोन्हींची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: ही वस्तू इंग्रजीत मोजतात का? मराठीची सवय इथेच दगा देते. आपण दोन सल्ले देतो, चार बातम्या ऐकतो. पण ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’ इंग्रजीत मोजत नाहीत. म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक आणि ‘ॲडव्हाइसेस’ही चूक. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘टू पीसेस ऑफ लगेज’. डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत मात्र ‘हर हेअर इज लाँग’.

मोजता येत असेल तर पुढचा प्रश्न: नेमकी कोणती वस्तू, हे ऐकणाऱ्याला कळतं का? ‘दारात एक माणूस उभा होता. तो माणूस ओला झाला होता.’ इथल्या ‘एक’च्या जागी अ आणि ‘तो’च्या जागी द. एखाद्या अख्ख्या प्रकाराबद्दल सरसकट बोलताना अनेकवचन मोकळं ठेवतात: ‘डॉग्ज आर फेथफुल’. तिथे द लावला की ठरावीक कुत्र्यांबद्दल बोलणं होतं.

अ की ॲन हे उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही. ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन. पण अ युनिव्हर्सिटी, अ वन-वे रोड. आद्याक्षरांनाही हेच लागू: ॲन एमएलए, ॲन एफआयआर, पण अ यूपीआय पेमेंट.

अनेकवचनाचा एस गळतो, त्याचंही मूळ मराठीत आहे. अकारान्त पुल्लिंगी नामं आपल्याकडे बदलत नाहीत: एक दगड, पाच दगड, एक मित्र, दहा मित्र. त्याच चालीवर ‘टेन फ्रेंड’ तोंडात येतं. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ तर सर्रास ऐकू येतं. ‘वन ऑफ’नंतर मोजता येणारं नाम अनेकवचनीच हवं, कारण अनेकांतला एक निवडायचा असतो, क्रियापद मात्र एकवचनी: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन पुणे’.

उलट बाजूची चूकही होते. ‘टेन रुपीज’ बरोबर, पण नोट ‘अ टेन-रुपी नोट’. मुलगा ‘फाइव्ह इयर्स ओल्ड’ असतो, पण नामाआधी ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’. संख्या आणि नाम जोडून विशेषण झालं, की तिथे एस लागत नाही.