वारुणा लीग, मोसम 12: चौदाव्या कार्डाची गाठ सुटली

सुटलं! वारुणा ही माझी कल्पनेतली 16 क्लबांची फुटबॉल लीग; वेळापत्रक कार्डांवर मांडतो, निकाल फाशांनी काढतो. तीन आठवडे अडलेलं परतीच्या साखळीचं वेळापत्रक काल रात्री सुटलं, आणि खेळून झालेल्या 120 सामन्यांपैकी एकाचाही निकाल पुसावा लागला नाही.

मागची नोंद पंधराव्या फेरीवर थांबली होती. तारसे बंदर गोलफरकावर अव्वल, तारसे रेल्वे दुसरे, आणि तळाशी हिमवट व शेलक यांच्यात एका गुणाचं अंतर. परतीची साखळी म्हणजे त्याच 15 फेऱ्या त्याच क्रमाने, फक्त घर-बाहेर उलटं. सोळावी फेरी मांडताना हिमवटच्या ओळीवर नजर गेली: चौदावी बाहेर, पंधरावी बाहेर, सोळावीही बाहेर. शेलकची ओळ नेमकी उलटी, सलग तीन सामने घरी. दोघांपैकी एकच वाचणार आहे. माझ्या गणितात यजमानाला सरासरी 1.5 गोल आणि पाहुण्याला 1.15 धरलेत, म्हणजे हा फरक थेट फाशांत उतरतो. अशा मोसमाचा निकाल मी इतिहासाच्या वहीत लिहिणार नव्हतो.

आधी दोष कुठे आहे ते शोधलं. प्रत्येक क्लबचं 1 ते 16 पैकी एक कार्ड असतं. वर्तुळ पद्धतीत सोळावं कार्ड जागेवर ठेवून बाकीची 15 दर फेरीला एकेक जागा फिरवली, की एकेरी साखळीत 14 ब्रेक येतात (ब्रेक म्हणजे लागोपाठ दोन सामने घरी किंवा दोन बाहेर). त्याहून कमी होऊच शकत नाहीत. स्विस गणितज्ञ दॉमिनिक द वेरा यांनी हे 1981 साली दाखवून दिलं आहे. 1 आणि 16 ही कार्डं आलटूनपालटून घरी-बाहेर खेळतात, एकही ब्रेक नाही. उरलेल्यांना प्रत्येकी एक ब्रेक, तोही जोडीजोडीने: 2-3ला तिसऱ्या फेरीत, 4-5ला पाचव्या, असं करत 14-15ला थेट पंधराव्या फेरीत. पुढे आरशासारखी परतीची साखळी जोडली की सांध्यावर या सगळ्यांना आणखी एक ब्रेक मिळतो. बाकीच्यांचे दोन ब्रेक एकमेकांपासून लांब असतात, चौदाव्या-पंधराव्या कार्डाचे मात्र एकमेकांना चिकटतात. हिमवट कार्ड 14, शेलक कार्ड 15.

सगळ्यांच्या मनात येईल तोच उपाय मीही आधी केला: पंधराव्या फेरीतला कार्ड 1 विरुद्ध कार्ड 14 हा सामना हिमवटला हलवायचा. त्यासाठी तो एक निकाल पुन्हा काढावा लागला असता, तेही मान्य केलं होतं. पण कार्ड 1 म्हणजे तारसे बंदर. त्यांच्याच ओळीत 14, 15, 16 बाहेर झालं. शिवाय बंदर आणि रेल्वेचं मैदान एकच, म्हणून त्यांना 1 आणि 16 ही जोडकार्डं दिली होती, एक घरी तेव्हा दुसरा बाहेर. बदल केल्यावर पंधराव्या फेरीत तारसेचं मैदान रिकामं, आणि तिसाव्या फेरीत दोघंही एकाच दिवशी त्याच मैदानावर यजमान! दुसरा एखादा सामना उलटवून ते सावरावं, तर तिसरा क्लब बिघडतो. दोन आठवडे याच साखळीत गेले.

मोफत मिळणारी तीन-चार वेळापत्रक-साधनंही वापरून पाहिली. सगळी आरशाचीच मांडणी देतात आणि सलग तीन बाहेर आले तरी सांगत नाहीत. माझं मत पक्कं झालंय: वेळापत्रकासाठी पुठ्ठ्याची 16 कार्डं आणि मोठं टेबल. स्प्रेडशीट गुणतक्त्यासाठी उत्तम, पण कार्ड हातात घेऊन सरकवलं की गाठ कुठे आहे ते बोटांना कळतं.

तसंच झालं. परतीच्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या ओळीने लावताना पहिल्या फेरीची चिठ्ठी उचलून सर्वात शेवटी ठेवली. म्हणजे सोळावी फेरी ही दुसरीची परतफेड, सतरावी तिसरीची, आणि तिसावी पहिलीची. यालाच फ्रेंच पद्धत म्हणतात. नाव वाचलेलं होतं, उपयोग आत्ता कळला. हिमवटची ओळ झाली बाहेर, बाहेर, घरी. सगळ्या क्लबांच्या ओळी दोनदा तपासल्या: सलग तीन कुठेच नाहीत, प्रत्येकाला बरोबर दोन ब्रेक. एकूण 42 होते ते 32 झाले. जोडकार्डं शाबूत, मैदानाची टक्कर नाही. बराच वेळ नुसता त्या टेबलाकडे बघत बसलो होतो.

आणि एक देणगी आपोआप मिळाली. पहिल्या फेरीत कार्ड 1 विरुद्ध 16 होतं, म्हणजे तारसेची डर्बी, बंदर विरुद्ध रेल्वे, आता शेवटच्या दिवशी! विजेतेपद तिथेच ठरू शकतं. मग त्या दिवसाचे आठही सामने एकाच वेळी व्हायला हवेत. 1982च्या विश्वचषकात त्याच गटातल्या अल्जेरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशी झाला होता, त्यामुळे कोणता निकाल दोघांनाही पुरेल हे स्पेनमधल्या हिहोनला मैदानात उतरण्याआधीच पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला माहीत होतं. 1-0 झाल्यावर सामना थंडावला, आणि त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. म्हणून तिसाव्या फेरीत 15-15 मिनिटांचे सहा तुकडे करून आठही मैदानांचे फासे एकत्र टाकणार. गोल मी पॉयसाँ वितरणाने काढतो, म्हणजे सरासरीवरून 0, 1, 2 गोलांची शक्यता देणाऱ्या सूत्राने. पॉयसाँचे तुकडे बेरजेला पुन्हा पॉयसाँच होतात, त्यामुळे सरासरी बिघडत नाही. फक्त 0-0, 1-0, 0-1 आणि 1-1 या निकालांची शक्यता जुळवून घेणारी डिक्सन-कोल्स दुरुस्ती तुकड्यांत बसत नाही. त्या एका फेरीपुरती ती सोडतो. शेवटच्या तुकड्याला थोडं जास्त वजन द्यावं का, हे अजून ठरलेलं नाही. खऱ्या सामन्यांत शेवटी गोल जास्त होतात, त्यामुळे मन तिकडे झुकतंय.

हे लिहितानाच आणखी एक लक्षात आलं. चौदा ते सोळा या फेऱ्या ऐन हिवाळ्यात येतात आणि हिमवट उत्तरेला, बर्फात. तिथला क्लब तर ते तीन बाहेरचे सामने स्वतःहून मागेल! म्हणजे चूक वेळापत्रकात कमी आणि मोसमाच्या महिन्यांत जास्त होती. नॉर्वे आणि स्वीडन दोघांच्याही वरच्या विभागात 16 क्लब, 30 फेऱ्या, आणि मोसम वसंतापासून शरदापर्यंत. तेराव्या मोसमापासून वारुणाही तसाच. जपान 2026मध्ये उलट दिशेने, ऑगस्टच्या मोसमाकडे वळतोय, पण हिवाळ्यातल्या सुट्टीसह. मला मध्ये खंड नको. त्यामुळे खेळाडूंच्या बदल्यांचा तक्ता नव्याने मांडावा लागेल. पुढच्या नोंदीत दुसऱ्या विभागाबद्दल लिहिणार होतो, ते मागे पडेल.

रात्री झोपण्यापूर्वी सोळाव्या फेरीतला एकच सामना काढला: हिमवट, घरच्या मैदानावर, कार्ड 5 कोरांदविरुद्ध. 2-1.